लाल कंधारी लोळला तेव्हा

खरा बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. आमचा बैल सरळ पाठीवर पडायचा, कारण त्याच्या आत माझा धाकटा भाऊ होता. अजूनही दुपारी डोळा लागता लागता तो मला तसाच दिसतो. हदगाव रोडचं मैदान, काळी माती, चारी पाय वर केलेला मखमली बैल आणि त्याच्यावरून सावकाश तरंगत जाणारे कापसाचे पुंजके. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या, ताडपत्रीच्या फटीतून कापूस निसटायचा आणि वाऱ्याबरोबर मैदानात शिरायचा. थंडी सरत आली होती आणि उन्हाला अजून धार आली नव्हती.

त्या दिवसाची व्यवस्था माझ्याकडे होती. पाण्याचे जार, खुर्च्या, बर्फ, मंडपाच्या दोऱ्या, पाहुण्यांच्या सत्कारासाठी टॉवेल-टोप्या. आमच्या नांदेडच्या गल्लीतल्या पोरांचा फुटबॉल संघ आणि लातूरचा एक संघ, दोघांचा दोस्तीतला सामना होता. लातूरच्या संघात माझा होणारा जावई होता. साखरपुडा झालेला होता, लग्नाची तारीख तेवढी राहिली होती. सामन्याला त्यांच्याकडची वडीलधारी मंडळी येणारच होती. मग सामना संपला की मंडपातच बसून तारीख धरू, असं मीच सुचवलं. आमच्यात पंचांग बघत नाहीत. हॉल कधी रिकामा आणि दोन्हीकडच्यांना सुट्टी कधी, एवढं जुळलं की झालं. एका मंडपात दोन कामं उरकणार होती.

बैलाची कल्पना भावाची. तो मोबाइलवर परदेशातले सामने बघतो. तिथं संघाचा एखादा वाघ नाहीतर पक्षी असतो, म्हणजे तो पोशाख घालून नाचणारा माणूस. समोरच्या संघाचा खेळाडू धक्का न लागताच पडला, की हा वाघही मैदानाच्या कडेला धाडकन पडतो, गुडघा धरून लोळतो, आकाशाकडे हात करतो. भाऊ मला ते परत परत दाखवायचा आणि स्वतः प्रत्येक वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखा हसायचा.

"ताई, आपल्याकडं बी असा एक पाहिजेच."

नांदेडचा म्हटल्यावर लाल कंधारी बैलच, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. लातूरवाल्यांची जात देवणी. ते चिडले तर अजून बरं, असा त्याचा हिशोब. गल्लीतल्या टेलरचाचांनी एका जुन्या हॉलचा तांबडा मखमली पडदा उसवून बैल शिवला. शिंगं कागदाच्या लगद्याची, कान फोमचे. बघायला नाकपुड्यांची दोन भोकं ठेवली होती. त्यातून फक्त खालचं दिसायचं, गवत आणि बूट.

लातूरची मंडळी टेम्पोतून आणि एका जीपमधून आली. जय भीम झाला, चहा झाला. जावयाला आई-वडील नाहीत. त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं, औशाला. आत्याबाई उंच, पांढरी साडी, आवाज मोकळा. आल्या आल्या त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवून घेतलं.

"इनबाई, पोरगी कुठं बसवली? उन्हात नका बसवू."

माझी लेक माझ्या दुसऱ्या बाजूला होती. बँकेत नोकरी करते, कमी बोलते, पण बघते फार. लहानपणी भातुकलीतला खोटा चहासुद्धा ती प्यायची नाही, कपात काही नाही म्हणायची.

सामना सुरू झाला. लातूरची पोरं चपळ होती, पण त्यांना पडायची खोड होती. कुणी जवळून नुसतं पळत गेलं तरी एखादा कोलमडायचा. पहिला पडला आणि रेषेबाहेर आमचा बैल पडला. तो लोळला, एक पाय थरथरवला, मग उठून शेपटी हलवत दोन पावलं नाचला. मैदानात एकदम हशा फुटला. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"लई नाजूक हायेत आमची पोरं! बैल बघा कसा करून राहिला!"

पलीकडून टेलरचाचा ओरडले, "अरे आहिस्ता! सिलाई उधड जाएगी!"

माइकवर आमचे हे होते. माइक हातात आला की यांना घरदार आठवत नाही. "लाल कंधारीला जबर दुखापत! डॉक्टर कुठे आहेत? नाही, जनावरांचे डॉक्टर!" हे म्हणायचे, आणि लोक पुन्हा हसायचे. मला आठवतं, त्या तासाभरात मी कुठलंच काम केलं नाही. बर्फ वितळत होता, मला दिसत होता, आणि मी बसून होते. ऊन तिरपं झालं होतं. पडणारी पोरं आणि पडणारा बैल असे काही एका लयीत चालले होते, की कुणीतरी एक मोठा पाळणा हलवतंय आणि आपण सगळे त्याच्यात आहोत असं वाटावं.

मग जावई चेंडू घेऊन आमच्या गोलसमोरच्या चौकटीत शिरला. आमचा पोरगा त्याला अडवायला धावला, पण पोचला नाही. दोघांच्या मधून एक अख्खी घागर गेली असती. तरी जावई हवेत उडाला, हात पसरून, अगदी हळू, मला तरी तसंच दिसलं, आणि गुडघा धरून गोल गोल लोळत राहिला. पंच लांब होते. त्यांनी शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली.

आणि बैल पडला. त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात सुंदर पडणं ते. आधी पुढचे पाय पसरून उडाला, मग लोळत लोळत थेट मंडपासमोर आला, गुडघा कवटाळला आणि "आई गं, आत्या गं" असा हंबरला. आपण कुणाची नक्कल करतोय ते आतल्या भावाला ठाऊकच नव्हतं. "आत्या" हा शब्द त्यानं नुसता वजनासाठी टाकला होता.

तिकडे लातूरनं पेनल्टीवर गोल केला. इकडे आत्याबाईंनी पदर तोंडावरून काढला.

लेक हलक्या आवाजात म्हणाली, "आई, त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही."

"खेळात चालतं गं."

"तो ओरडला. दुखतंय म्हणून ओरडला." ती मैदानाकडेच बघत होती. "घरात असं ओरडला तर मी खरं मानायचं का? आज तारीख धरू नको."

मी तिला काही बोलणार, तेवढ्यात हाफ टाइमची शिट्टी झाली आणि आत्याबाई उभ्या राहिल्या.

"इनबाई, कोण हाय त्या बैलात?"

मुलीचा सख्खा मामा आहे, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"आमचं पोर बिनाआईबापाचं हाय म्हणून काय बी करायचं? आत्या गं म्हणतो. माझं नाव घेतलं त्यानं. जावयाचा असा मान असतो का तुमच्याकडं?"

"आत्याबाई, चुकलंच. मी आत्ता जावईबापूंना बोलावून मान देते. टॉवेल-टोपी आहे इथं."

"इथं मंडपात? अपमान चारचौघात झाला, मान बी चारचौघातच झाला पाहिजे."

मला हे पटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, कारण रुसवा कसा काढायचा हे आपल्याला माहीत असतं. लग्नात नवरदेव रुसतो, त्याला काहीतरी देतात, तो हसतो, वरात पुढे जाते. टॉवेल, टोपी, दोन गोड शब्द. लेकीचं मात्र काय करायचं ते माहीत नव्हतं. म्हणून जे जमण्यासारखं होतं ते मी हातात घेतलं आणि मैदानात निघाले.

मध्यरेषेवर जावई बाटलीनं तोंडावर पाणी मारत होता. मी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. एवढं झाल्यावर मी त्याला हळूच सांगणार होते, की बाबा, राग मानू नको. पण माइकजवळच्या यांनी लांबून टॉवेल-टोपी बघितली. आणि टॉवेल-टोपी दिसली म्हणजे सत्कार, यांना दुसरं सुचलंच नाही.

"मंडळी, पहिल्या हाफमधल्या उल्लेखनीय कामगिरीबद्दल लातूरच्या या गुणी खेळाडूचा आपण टॉवेल-टोपी देऊन सत्कार करत आहोत! जोरदार टाळ्या!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मैदानाच्या एका कोपऱ्यातून हसू सुटलं आणि वणव्यासारखं पसरलं. "पडल्याचा सत्कार!" कुणीतरी ओरडलं. "शाल बी द्या! नारळ बी द्या!" टाळ्या, शिट्ट्या. बैल कुठूनसा धावत आला आणि सत्कार म्हटल्यावर त्यानं सवयीनं वाकून नमस्कार केला. मी टोपीचं टोक धरून तशीच उभी. मंडपात आत्याबाईंची पांढरी साडी हलली, आणि मला कळलं की हा दुसरा अपमान झाला, आणि तो मी माझ्या हातानं केला.

त्या गलक्यात मला सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. तोंडं उघडत होती, मिटत होती. एक कापसाचा पुंजका टोपीवर येऊन बसला. जावयाचा चेहरा आधी लाल झाला, मग कसा कोण जाणे शांत झाला. तो चालत माइककडे गेला. यांनी आपला नेहमीसारखा "दोन शब्द, दोन शब्द" म्हणून त्याच्या हातात माइक दिला.

तो म्हणाला, "मला कुणी पाडलं न्हाई. मी पडलो."

माइक किरकिरला. त्यानं तो तोंडाजवळ धरला.

"लागलं बी न्हवतं. बैलानं केलं ते बरोबर केलं."

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि बैलाच्या दोन शिंगांच्या मध्ये ठेवली. टॉवेल त्याच्या गळ्यात घातला. बैल पहिल्यांदाच निश्चल झाला. नाकपुड्यांतून माझ्या भावाचा दबका आवाज आला, "जावई, तुम्ही होता व्हय? आईशप्पथ, मला निस्ते बूट दिसले."

जावयानं तो आवाज ओळखला. "मामा?"

"हळू बोला. आत्याबाई हायेत."

पण आत्याबाई मागेच येऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी बैलाकडे बघितलं, मग भाच्याकडे. "लबाडी करून माझं नाव हंबरायला लावतो व्हय रे जनावराला? आधी तू घरी चल." एवढं बोलून त्या परत फिरल्या. जाताना मला म्हणाल्या, "चहा करा इनबाई. घसा सुकला."

पंचांनी सांगितलं, दिलेला गोल आता मागं घेता येत नाही. आमच्या पोरांनी थोडी आरडाओरड केली, मग म्हणाली, राहू द्या, आम्ही फेडू. फेडला काही नाही. दुसऱ्या हाफमध्ये लातूरच्या पोरांनी जावयाला एकदाही चेंडू दिला नाही. त्यांच्या कप्तानानं त्याच्याकडे बघितलंही नाही. तरी तो पळत राहिला. सगळा खेळ एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला, उन्हात एकटाच, रिकाम्या जागेत जाऊन उभा राहायचा, हात वर करायचा, चेंडू यायचा नाही, तो पुन्हा पळायचा. मला त्या सामन्यातलं तेवढंच सलग आठवतं. बाकीचा गोंगाट पुसून गेलाय. आमचा बैल गळ्यात टॉवेल घेऊन रेषेवर बसला होता, कुणी पडलं तरी उठला नाही.

त्या सगळ्या वेळात मी लेकीला काही विचारलं नाही. मी चहा गाळला, कप मांडले, बिस्किटांचे पुडे फोडले. आत्याबाई येतानाच जीपमधून फोन करून लग्नाच्या हॉलचे रिकामे दिवस कुठले ते विचारून आल्या होत्या, ते सांगू लागल्या. मी मान हलवत होते आणि ऐकत नव्हते. आता मुलगी नाही म्हणाली तर आत्याबाईंना काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

सामना संपला. लातूर जिंकलं, पण त्यांची पोरं गुपचूप टेम्पोत सामान चढवत होती. जावई मागे राहिला होता, बुटाची नाडी सोडत. तेव्हा लेक उठली आणि सरळ मैदानात गेली. वडीलधारी बघत होती, पण कुणी काही म्हटलं नाही. मीही जारमध्ये पाणी भरायचं निमित्त करून थोडी पुढे गेले.

ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"माइकवर का बोललास?"

"सगळे हसून राहिले होते. आणि खरंच होतं."

"कुणी हसलंच नसतं तर?"

तो नाडीशी खेळत राहिला. "तर बोललो नसतो," तो म्हणाला. "निदान आज तरी नसतो."

मला वाटलं, संपलं. एवढं खरं कशाला बोलायचं या पोरानं?

लेक त्याच्या शेजारी मातीत बसली, साडीची पर्वा न करता.

"गुडघा दुखतोय?"

"न्हाई."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा न्हाई."

ती हसली. मोठ्यानं, तिच्या मामासारखी. मंडपातून आत्याबाईंनी हाक मारली, "इनबाई, मग कधीची धरायची?" मी लेकीकडे बघितलं. तिनं मागं न वळता हात वर केला आणि मला जा म्हणून खुणावलं, तारीख धरायला बसा तुम्ही, मी येते.