एकोणीस वर्षांचा चार्ज

नगरपालिकेच्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पंधरा दिवसांच्या रजेवर निघाले, तेव्हा त्यांनी किल्ल्यांचा जुडगा समोरच्या टेबलावर ठेवला आणि टेबलामागे टाइप करत बसलेल्या कारकुनाला सांगितलं, "तेवढा चार्ज सांभाळा. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." कारकुनानं कागदावर सही केली आणि जुडगा उचलला.

प्रमुख रजेवरून परस्पर दुसऱ्या नोकरीत गेले. सोळाव्या दिवशी कारकुनानं वरिष्ठांना लिहिलं, की चार्ज कोणाकडे द्यावा ते कळवावं. उत्तर आलं, 'पुढील आदेशापर्यंत आपल्याकडेच ठेवावा.' पुढील आदेश आला नाही. कारकुनाचं वय तेव्हा एकोणचाळीस होतं. ऑफिसात सगळे त्यांना चार्जसाहेब म्हणायला लागले. त्यात चेष्टा किती आणि मान किती, हे त्यांनी कधी तपासलं नाही.

संग्रहालय म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या मागच्या तीन खोल्या. पहिलीत पेंढा भरलेले दोनशे चौदा पक्षी, दुसरीत शिंपले, तिसरीत दगड. आत जायला पैसे पडत नसत, पण लोकांना ते खरं वाटत नसे. दारावरच्या शिपायाला ते विचारायचे, "आत जायला काही चार्ज आहे का?" शिपाई म्हणायचा, "चार्ज आहेत, पण जेवायला गेलेत. तुम्ही जा आत."

चार्जसाहेबांची भरती टायपिस्ट म्हणून झालेली. पक्ष्यांचे त्यांना दोनच प्रकार माहीत होते, कावळे आणि कावळे नसलेले. मग रोज दाढीच्या जुन्या ब्रशनं पंखांवरची धूळ झाडता झाडता त्यांची ओळख होत गेली. चौथ्या वर्षी पक्ष्यांना कसर लागली. खात्याला कळवलं तर औषध फवारायचं की पंचनामा करायचा यावरच पत्रव्यवहार सुरू झाला. तेव्हा चार्जसाहेबांनी बायकोला सोबत घेतलं, तीन रविवार एकेक पक्षी खाली उतरवला, उन्हात ठेवला, साफ केला, डांबराच्या गोळ्या घालून परत जागेवर बसवला. दोनच गेले. बायको शिवणकाम करायची. उसवलेली पोटं तिनं अशी शिवली की टाका दिसत नाही.

दर महिन्याच्या अहवालावर 'प्रमुख' या शब्दाखाली ते सही करायचे आणि सहीखाली बारीक अक्षरात 'चार्ज' लिहायचे. त्याखालची ओळ दर महिन्याला तीच असायची, की चार्ज अजून माझ्याकडे आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.

कार्यवाही न होण्याचं कारण साधं होतं. चार्ज घ्यायचा तर नोंदवही समोर ठेवून प्रत्येक वस्तू मोजून घ्यावी लागते. शिंपलेच सोळाशे होते. ज्याची ज्याची बदली तिकडे व्हायची, तो एकदा येऊन शिंपल्यांकडे बघायचा आणि आजारी पडायचा.

"बाबा, माझ्या मोबाइलचा चार्ज संध्याकाळपर्यंत टिकत नाही," लेक म्हणायची. "तुमचा इतकी वर्षं उतरत कसा नाही?"

"वापर कमी आहे," चार्जसाहेब म्हणायचे.

निवृत्तीला सहा महिने उरले, तेव्हा त्यांनी पुन्हा लिहिलं, की आता तरी कोणीतरी चार्ज घ्या. ते पत्र वाचून आस्थापना शाखेनं त्यांच्या सेवापुस्तकात दोनच शब्द लिहिले, 'चार्ज प्रलंबित'. म्हणजे चार्ज द्यायचा बाकी आहे. सेवापुस्तक निवृत्तीच्या शाखेत गेलं. तिथल्या बाई नवीन होत्या, हुशार होत्या, आणि आधी शिस्तभंगाच्या टेबलावर होत्या. पंधरवड्यात घरी पत्र आलं. 'आपल्यावर चार्ज प्रलंबित असल्याचे दिसून येते. चौकशी पूर्ण होईपर्यंत आपले निवृत्तीचे प्रकरण पुढे पाठवता येणार नाही.'

चार्जसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि बायकोला म्हणाले, "बघ, शेवटी कोणीतरी चौकशी केली."

पोलिसात असलेला मेहुणा योगायोगानं घरी होता. त्यानं पत्र वाचलं आणि तो खुर्चीत सरळ बसला.

"भावोजी, चार्ज म्हणजे एक तर चार्जशीट, नाहीतर लाठीचार्ज. तिसरा मी पाहिला नाही. काही झालं तरी कबूल करू नका."

"पण माझ्याकडे आहे तो."

"तेच म्हणतोय. हे बोलायचं नाही."

चौकशी अधिकारी परगावाहून आले. उंच, सडपातळ, सर्दी झालेले; सोबत गरम पाण्याचा थर्मास. मोठं टेबल फक्त शिंपल्यांच्या खोलीत होतं, म्हणून चौकशी तिथेच भरली. मेहुणा बाहेर बाकावर बसून राहिला.

"तुमच्यावर चार्ज आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"हो साहेब."

"केव्हापासून?"

"एकोणीस वर्षं झाली."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि एकोणीस वर्षं तुम्ही हे लपवून ठेवलंत?"

"दर महिन्याला लेखी कळवलंय साहेब." चार्जसाहेबांनी गठ्ठा पुढे केला. "दोनशे एकोणीस प्रती आहेत. नऊ कसरीनं खाल्ल्या."

अधिकाऱ्यांनी वरचे चार-पाच कागद चाळले. सगळ्यांवर सही होती. इतका नियमित कबुलीजबाब त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"म्हणजे चार्ज मान्य आहे?"

बाहेर मेहुणा जोरात खोकला.

"मान्य आहे. त्या वेळच्या साहेबांनी दिला, मी घेतला."

"काय काय घेतलंत?"

"दोनशे चौदा पक्षी. शिंपले, दगड वेगळे."

"परत केलेत?"

"घ्यायला कोणी तयारच नाही."

"मग आत्ता कुठे आहेत ते?"

"दोनशे बारा शेजारच्या खोलीत. दोन माझ्या हातून गेले."

अधिकाऱ्यांनी मोजणीचा हुकूम दिला, आणि चौकशी त्यांचीच असल्यानं मोजायचंही त्यांनाच होतं. दोन दिवस ते नोंदवही घेऊन फिरले. पहिल्या दिवशी नुसते आकडे मांडत होते. दुसऱ्या दिवशी विचारायला लागले, "हा कोणता? हा इतका लहान कसा?" चार्जसाहेब सांगत होते. एका घुबडाच्या पोटाशी अधिकारी बराच वेळ टाका शोधत होते. नाही सापडला.

शिंपले संपले तेव्हा चार वाजले होते. अधिकाऱ्यांनी थर्मासमधून पाणी ओतलं आणि सावकाश म्हणाले, "अहो, तुम्हाला चार्ज द्यायचाय."

"हो साहेब."

"तुमच्यावर कसला चार्ज ठेवलेलाच नाही."

"ठेवलाय की. इथेच, या टेबलावर ठेवून गेले ते."

अधिकारी नाक पुसून हसले, पण थोडंच, कारण अडचण आता त्यांची होती. उघडलेली चौकशी निष्कर्षाशिवाय बंद होत नाही.

"सिद्ध होत नाही असं लिहिलं, तर चार्ज तुमच्याकडे कधी नव्हताच असं होईल. मग या सह्या कुणाच्या?" ते म्हणाले. "आणि सिद्ध झाला लिहिलं, तर शिक्षा द्यावी लागेल."

"माझी हरकत नाही साहेब," चार्जसाहेब म्हणाले. "पण नव्हताच, असं नका लिहू."

आठ दिवसांनी निकाल आला. 'चार्ज सिद्ध झाला आहे. सदर कर्मचाऱ्याने तो सलग एकोणीस वर्षे, कोणाच्याही मदतीशिवाय सांभाळल्याचे मोजणीअंती दिसून येते. शिक्षा म्हणून सदर चार्ज त्यांच्याकडून तत्काळ काढून घेण्यात यावा. मोजणीची यादी सोबत जोडली आहे.'

बायकोनं शिवणयंत्र थांबवून निकाल वाचला. मग परत वाचला.

"'कोणाच्याही मदतीशिवाय' हे चूक आहे," ती म्हणाली. "पण तुमच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं."

"शिक्षा आहे ती."

"असू दे."

यादी तयार होती, त्यामुळे त्या जागेवर यायला आता कोणी आजारी पडलं नाही. पुढच्याच आठवड्यात नव्या प्रमुख आल्या. पक्षिशास्त्र शिकलेल्या, तिशीच्या. वीस मिनिटांत सह्या झाल्या. चार्जसाहेबांनी जुडगा दिला आणि कसर कोणत्या कपाटात आधी लागते ते दाखवलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तेवढ्यानं चार्जसाहेबांना फार बरं वाटलं. बाहेर पडताना शिपायानं सवयीनं विचारलं, "साहेब, जेवायला?" ते म्हणाले, "नाही, घरी."

निवृत्तीचे कागद महिन्याभरात सुटले. रिकामपणाची त्यांना सवय नव्हती, म्हणून बायकोनं त्यांना सकाळी नदीवर फिरायला न्यायला सुरुवात केली. एके दिवशी पाण्यावरून निळं काहीतरी सुर्रकन गेलं.

"अहो, हा कोणता?"

चार्जसाहेबांना सांगता येईना. एकोणीस वर्षांत एकही पक्षी त्यांच्यासमोर हलला नव्हता. पक्षी पलीकडच्या खांबावर जाऊन बसला आणि क्षणभर अगदी स्थिर राहिला.

"खंड्या," ते लगेच म्हणाले. मग नीट बघून म्हणाले, "पण आपला जास्त स्वच्छ आहे."