दुसऱ्या दिवशी पुन्हा

माझे यजमान गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायका हात धरून म्हणत, “एक मूल असतं तर आधार झाला असता. पण नशिबातच नव्हतं.” नशिबावर मात्र आम्ही काही सोडलं नव्हतं. ते आता, जमेल तसं, लिहून काढते आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी महाडला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते, हे कोर्टात कारकून होते. माझ्या दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचा मार्ग सांगितला: पोटातून स्त्रीबीजं काढायची, काचेच्या बशीत त्यांच्यावर ह्यांचे शुक्रजंतू सोडायचे आणि फळलेलं बीज परत माझ्या पोटात ठेवायचं. लोक त्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणत. ह्यांनी आधी तीन-चार दिवस संयम पाळावा, एवढीच बाईंची सूचना होती.

आम्ही गावी, कापड्याला गेलो तेव्हा ती ह्यांनी सासऱ्यांच्या कानावर घातली आणि तिथेच घोळ झाला. सासरे तरुणपणी कुस्त्या खेळलेले. मी आत चुलीपाशी होते. ओटीवरचं बोलणं ऐकू येत होतं.

“चार दिसानं काय व्हतंय रे? फडात उतरायच्या आधी आमी दोन-दोन म्हयने घरात निजत नव्हतो. गायकडं लावायचा बैलसुदा आधी बांधून ठेवतात. जोर साठवावा लागतो.”

“बाबा, हळू बोला. ती आत आहे.”

“असू दे. तिलाबी कळू दे, तुजा बिछाना उद्यापासून भायेर का हाय तो.”

गोकुळाष्टमीपासून ह्यांची गादी बाहेरच्या खोलीत गेली. रोज सकाळी खारकांचं दूध. मला हसू येई, पण ह्यांच्या चेहऱ्यावर एवढी निष्ठा असे की मी पेला भरून पुढे करत असे.

दसऱ्याच्या थोडं आधी मुंबईत माझी बीजं काढली. पाच मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या.

“बीजं छान आहेत, पण एकही फळलेलं नाही. शुक्रजंतू भरपूर होते, पण बहुतेक मरगळलेले. किती दिवस संयम पाळलात?”

ह्यांनी पंख्याकडे पाहिलं. “गोकुळाष्टमीपासून.”

“अहो, मी चार दिवस म्हटलं होतं!”

“चारानं भागतं तर जास्तीनं अधिक बरं, असं वाटलं.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “साठवून ते शिळे होतात, जोमदार नाही. आजचे कालच्यापेक्षा ताजे असतील. बीजं अजून तग धरून आहेत, त्यांच्यावर पुन्हा सोडून पाहू. दुसऱ्या दिवशी यश क्वचित येतं. खोटी आशा लावत नाही. पण द्यायचं तर लगेच द्या.”

त्या गेल्या. हे खाटेच्या कडेला बसून राहिले.

“होतं नव्हतं ते काल दिलं. आज काय उरलंय माझ्यात? दिवाळीनंतर परत येऊ.”

“माझी बीजं दिवाळीपर्यंत बशीत थांबणार नाहीत.”

“अगं, नाही होणार माझ्याच्यानं.”

“मार्चला नापास झालेल्या मुलीला मी काय सांगते? ऑक्टोबरला बस म्हणते ना? का घरी धाडते?”

“मी काय मुलगी आहे?”

“नापास तर झालात.”

हे हसले. मग हळूच सांगितलं, की काल बाटली घेऊन न्हाणीघरात गेल्यावर दारावर सारखं कुणी ना कुणी थापा मारत होतं. मी पोटावर हात दाबून उठले आणि भिंत धरत व्हरांड्याच्या टोकाच्या न्हाणीघरापर्यंत गेले. हे आत गेल्यावर दाराला पाठ लावून उभी राहिले. टाके ओढत होते.

खांद्यावर टॉवेल टाकलेले एक गृहस्थ आले. “ताई, अजून किती टाइम?”

“खालच्या मजल्यावर जा.”

“खाली पाणी नाय.”

“मग थांबा. पण दाराला हात लावायचा नाही.”

माझा वर्गातला आवाज लागला असावा. ते भिंतीला टेकून निमूट उभे राहिले.

हे बाहेर आले ते घामाघूम होऊन, बाटली रुमालात धरून. माझ्याकडे न बघता लॅबकडे जवळजवळ धावतच गेले.

पुढच्या सकाळी पाचांतलं एक फळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते माझ्या पोटात ठेवलं आणि आम्ही महाडला परतलो. एसटीत प्रत्येक खड्ड्याला हे ड्रायव्हरकडे असे बघत, जणू त्यानेच तो खणला होता.

ते राहिलं नाही. नववीचा तास चालू असताना पाळी आल्याचं मला कळलं. तास पुरा केला, फळ्यावर गृहपाठ लिहून दिला आणि शाळा सुटल्यावर कोर्टाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ह्यांनी लांबूनच माझा चेहरा पाहिला. तिथे रडता येण्यासारखं नव्हतं. वकील, पक्षकार, शिपाई, सगळे ओळखीचे. आम्ही बाजारपेठेतून नुसते चालत राहिलो.

“दमलीस?”

“दमले.”

“थांबायचं?”

“नाही.”

हे पोस्टाकडे वळले. पुन्हा कधी यायचं ते विचारायला डॉक्टरीणबाईंना मुंबईला ट्रंक कॉल लावायचा होता. खिडकीमागच्या माणसाने विचारलं, साधा की अर्जंट? ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“अर्जंट,” मी म्हणाले.