गारठ्यातून ऊब काढणारी पेटी

आमच्या आयर्लंडमधल्या डून लेरीच्या घरातला गॅसचा बॉयलर म्हातारा झाला होता. चालू केला की आधी खोकायचा, आमच्या ह्यांच्यासारखाच. ह्यांची छाती नाजूक. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने हॉस्पिटलात राहून आलेले. लेक ड्रोहेडाला डॉक्टर. तिने बजावलं, "आई, हीट पंप बसवा. त्यानेही घर उबदार राहिलं नाही, तर बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाणार. कायमचं." घर सोडायचं म्हटल्यावर ह्यांनी त्याच दिवशी हीट पंपवाल्याला फोन लावला.

मागच्या अंगणात एक पांढरी पेटी आली, आत मोठा पंखा. बसवणारा म्हणाला, ही बाहेरच्या गार हवेतली ऊब काढून घरात आणते. मंद चालते, म्हणून दिवसरात्र चालू ठेवायची, बंद करायची नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाबा रे, इथल्या हवेत ऊब असती तर मी तीस वर्षं दोन-दोन स्वेटर घालून स्वयंपाक केला असता का?

आणि मग ती आली. ती म्हणजे तरुणपणीची मी. ठाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवून इथे आलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. बॉयलर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तेवढ्यात भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर सांडगे वाळवून घ्यायचे, की बटण बंद. ती बया केव्हाच गेली असं मला वाटत होतं. कुठली जाते! रोज न्याहारी झाली की माझ्याच हाताने गुपचूप पेटीचं बटण बंद करायची.

आठवड्यात घर गार पडलं. हे शालीत गुरफटून खोकायला लागले. मी लेकीला फोनवर ऐटीत म्हटलं, "बघ, हवेतून कुठे ऊब निघते का?"

"मग शनिवारी न्यायला येते," लेक म्हणाली. माझी ऐट तिथेच उतरली.

गुरुवारी बसवणाऱ्याने येऊन पेटीतल्या नोंदी बघितल्या. म्हणाला, "मशीन ग्रँड आहे, काही बिघाड नाही. पण रोज सकाळी कुणीतरी ते बंद करतंय."

ह्यांनी शालीतून डोकं बाहेर काढलं. "कुणीतरी?"

"मीच. माझ्या काटकसरीचं तुम्हीच तर कौतुक करायचात!"

"काटकसरीचं करायचो. मला गोठवायचं कधी ठरलं?"

त्यानंतर मी बटणाकडे फिरकले नाही. शनिवारी सकाळी गवतावर पांढरेशुभ्र हिमकण होते. मी पेटीसमोर हात धरला. पंख्यातून येणारी हवा त्या गारठ्याहूनही गार! म्हणजे एवढ्या थंडीतही काही ऊब उरली होती, आणि पेटीने ती खरंच काढून घेतली होती. आग नाही, धूर नाही, मांजराच्या घुरघुरीएवढा आवाज. उष्णता कशी वाहते हे फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवलेली मी, तोंडाचा आ करून तिथेच उभी राहिले. हात बधिर झाला तरी काढवेना.

आत आले, तर लेक पोहोचलेली आणि हे अनवाणी पायांनी चहा पीत बसलेले.

"बाबा, मोजे कुठेत?"

"उकडत होतं."

तिने त्यांचे पाय चाचपले, मग जमीन, मग भिंत. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हळूच मला विचारलं, "आई, मी उद्यापर्यंत राहू का गं? आमच्याकडे फार गारठा आहे."