कढत पाण्याची बादली

१० मे १९९८. कुरडयांसाठी गव्हाचा चीक घाटायचा होता. सासूबाईंचं म्हणणं, मी नुसतं बसून बघावं. बसून बघणं मला कधी जमलेलं नाही. मी पदर खोचला आणि चाटू हातात घेतला.

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस असल्याचं कळून वर्ष झालं होतं. मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही, एवढं मी समजून घेतलं. त्यापुढे माझा प्रश्न एकच होता, शाळेचा जिना. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जूनमध्ये जिना चढता आला नाही, तर मुख्याध्यापिका वर्ग काढून घेऊन मला खाली ऑफिसात बसवणार होत्या. ते टाळायला फिजिओथेरपीवाली मुलगी एक दिवसाआड घरी यायची. महिनाभर तिने सांगितलेले व्यायाम केले, तरी पाय ऐकेनात.

चीक शिजेपर्यंत गॅससमोरून हलले नाही. मग सोऱ्या घेऊन गच्चीवर गेले. शेवटची ओळ घालताना डोळ्यांपुढे धूसर झालं. उठायला गेले तर पाय लाकडाचे. पायरीपायरीवर बसत खाली आले.

"लय वाढलं गं दुखणं," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी तापत ठेवलं. त्यांच्याकडे सगळ्यावर उपाय एकच, तिळाचं तेल आणि कढत पाणी. पण माझ्यात न्हाणीपर्यंत जायचीसुद्धा ताकद नव्हती. कूलरसमोर पडून राहिले. पडल्यापडल्या मनातल्या मनात माझा वर्ग दुसऱ्या बाईंना देऊन टाकला, मग परत घेतला.

संध्याकाळी बेल वाजली, तेव्हा दार मीच जाऊन उघडलं. फिजिओथेरपीवाली मुलगी होती. तिला सकाळचा प्रकार सांगितला. ती माझ्या पायांकडे बघत राहिली.

"आणि आता चालताय? ताई, व्यायामाच्या आधी रोज काय करता?"

"आंघोळ."

"कशी?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "आधी तेल रगडते, मग वाफाळती बादली. पोळ्याला बैलाचं होत नाही एवढं करते मी हिचं."

"आजी, घोळ तिथंच होतोय. या आजारात अंग तापलं की नसांचं काम मंदावतं, निवलं की पुन्हा सुरू होतं. सकाळी तेच झालं. दुखणं वाढलेलं नाही."

"म्हणजे वर्षभर मी सुनेला शिजवत होते?"

"चिकासारखं," मी म्हटलं.

सासूबाई हसल्या नाहीत. "गार पाण्यानं सांधे धरतात. मग माझ्याकडं रडत येऊ नको."

"बर्फाचं नको, आजी. नळाचं साधं पाणी," मुलगी म्हणाली. "व्यायाम ऊन चढायच्या आत. मानेवर ओला नॅपकिन. आणि ताई, दमायच्या आधी थांबायचं." शेवटचं तिने माझ्याकडे बघून पुन्हा एकदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी उठले. सासूबाईंनी पाणी तापवलेलंच होतं. ती बादली मी त्यांच्यापुढे सरकवली. "तुमच्या सांध्यांना," म्हटलं. त्यांनी ती पुटपुटत घेतली. मी नळाच्या पाण्यानं आंघोळ केली, नॅपकिन भिजवून मानेवर टाकला आणि गच्चीचा जिना चढायला लागले. मध्ये कठडा धरून थांबले, दमायच्या आधी. चढण्यापेक्षा ते थांबणं अवघड गेलं. वर कुरडया खालून ओल्याच होत्या. ऊन यायच्या आत सगळ्या उलटवल्या, खाली आले, थोडी टेकले. मग तोच जिना पुन्हा चढले, कारण शाळेचा याच्या दुप्पट आहे.