डॉक्टरांचा दोरा

टिळकवाडीचे आमचे डॉक्टर गळा तपासायचे ते रोग्याच्या पाठीमागं उभं राहून. दोन्ही हातांची बोटं गळ्यावर, समोर पाण्याचं फुलपात्र, आणि हुकूम एकच : "घोट घे." निम्मे लोक भीतीनंच घोट घेत. डॉक्टर अर्धं बोलायचे, उरलेलं आपण समजून घ्यायचं, आणि या घुमेपणाचं आम्हाला कौतुकच होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, कणकुंबीला दिलेली. तिच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ आली म्हणून मी तिला मोटारीनं त्यांच्याकडं आणली. घोटाबरोबर गाठ वर-खाली झाली. "मऊ आहे, हलते आहे, आवाज साफ आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ता कापायला नको. वाढते का ते बघू." मग त्यांनी पांढऱ्या दोऱ्यानं तिच्या गळ्याचं माप घेतलं, माप संपलं तिथं दोन्हीकडं गाठी मारल्या आणि दोरा तिच्या हातात दिला. "जपून ठेव. दिवाळीला घेऊन ये."

आक्कानं जपला. गळ्यात बांधून! गळ्याच्या दुखण्यावर कुणी दोरा दिला की तो मंतरलेला गंडाच, हे आमच्याकडं पोरंही जाणतात. दिवाळीला मी न्यायला गेलो, तर म्हणाली, "दोरा लागू पडलाय रं. आता कशाला डॉक्टर?" मी मॅट्रिक झालेला शहाणा, हसलो आणि फराळ करून परत आलो.

दोन वर्षांनी तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी पुन्हा पाठीमागून बोटं ठेवली. घोट घेतला, पण गाठ हलली नाही. दगडासारखी झाली होती. "दोरा कुठं आहे?" त्यांनी विचारलं. आक्कानं गळ्यातून काढला. "दोनदा तंग झालता," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तवा तुकडं जोडलं. तुमचा दोरा, तोडायचा कसा?"

डॉक्टर खाली बसले. "तुझी चूक नव्हे, आक्का. मी बोललो नाही."

शिमग्याआधी आक्का गेली. मी डॉक्टरांवर खूप चिडलो. स्वतःवर चिडायला जास्त धीर लागतो.

त्यानंतर हा घुमा माणूस बोलायला लागला. "हा गंडा नव्हे, माप आहे. बांधू नको. आखूड पडला तर त्याच दिवशी ये." प्रत्येकाकडून तीनदा वदवून घ्यायचे. म्हातारपणी डॉक्टर बडबडे झाले, असं लोक हसून म्हणत. मला कधी हसू आलं नाही.

पुढं माझ्या मुलीच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर आता थकले होते. घोट झाला, माप झालं, सगळं तीनदा वदवून झालं. मग दोरा त्यांनी तिच्याऐवजी माझ्या हातात ठेवला. "दिवाळीला," एवढंच म्हणाले.

दोरा पुरत होता, तरी मी तिला घेऊन दसऱ्यालाच गेलो.