टायटॅनियमवरची रेघ

स्प्रिंगमामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता, पण शर्यतीच्या गाडीचा मागचा शॉक, म्हणजे धक्के पेलणारा स्प्रिंगचा दांडा, उघडायचा म्हटलं की सगळ्यांना तोच आठवे. काम झालं की माणसं आपल्या वाटेने जात, मग मामा आणि त्याचं रिकामं गॅरेज. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या. लेक दूरच्या शहरात, मोठ्या संघासाठी गाडी पळवायची. तिचा फोन आला तर आला.

मामाची एक खोड होती. बसवलेल्या प्रत्येक स्प्रिंगवर तो टोच्याने दोन बारीक रेघा ओढायचा. लहानपणी लेक शेजारी बसून दुसरी रेघ ओढायची. ती गेली, खोड राहिली. पोलादाला त्याचं काय? पोलाद सोशिक.

यंदा शर्यत याच गावात होती आणि लेक आपली गाडी आणि टायटॅनियमची स्प्रिंग घेऊन दारात उभी. संघाचे मेकॅनिक असताना म्हणाली, बसवायची ती तुम्हीच. मामाला आभाळ ठेंगणं झालं. स्प्रिंग तळहातावर तोलत तो बोलतच सुटला. वजन पोलादाच्या जवळजवळ निम्मं, गंजायचं नाव नाही, चाक उडालं तरी लगेच रस्ता धरतं, वळणावर टायर सुटत नाही. हे सगळं ठाऊक असलेल्या लेकीने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि ती हेल्मेट आणायला गेली.

तिथेच घात झाला. आनंदाच्या भरात हात आपसूक टोच्याकडे गेला. काय म्हणावं या हाताला! एक रेघ ओढली आणि मग मामा भानावर आला. टायटॅनियमला कितीही दाबा, चालतं. ओरखडा चालत नाही. दाब खाऊन खाऊन स्प्रिंग नेमकी तिथूनच तडकते, तीही भर वेगात. गप्प बसलं तर कुणाला दिसणार नव्हतं. सांगितलं तर लेक पुन्हा या दारात यायची नाही.

ती परत येताच त्याने सांगून टाकलं. त्याने तिची जुनी पोलादी स्प्रिंग परत चढवली आणि ती गेली.

पहिली येणारी पोरगी चौथी आली. संध्याकाळी संघाचा टेम्पो दाराशी थांबला. मामा मान खाली घालून उभा. लेकीने उतरून वाया गेलेली स्प्रिंग उचलली आणि टोच्याने त्याच्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढली.

"आता बिघडायचं काय राहिलंय, बाबा?" ती म्हणाली. "पुढचीही तुम्हीच बसवायची. टोच्या मात्र मी घेऊन जाते."

टेम्पो गेला. तिची रेघ लहानपणीसारखीच तिरकी आली होती. मामाला हसू आलं, मग रडू आलं. रेघ दाखवायला जवळ कुणीच नव्हतं.