अण्णांनी घडवलेला कर्नल

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. पालघरच्या दवाखान्यातून त्यांना सातपाटीला घरी आणलं, सगळं रीतीप्रमाणे झालं... आता दीड महिना होत आला. अण्णा माझे सासरे. त्यांचे वडील दर्यावर जाणारे. अण्णांनी मात्र तारापूरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवला.

त्यांचा संगणक इतका जुना, की भंगारवालाही नाक मुरडेल. त्यावर ते लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली चालवायचे, तेही तयार मिळतं तसं नाही. यंत्र आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा म्हणजे कर्नल. तो ते घरीच कंपाइल करायचे, म्हणजे लिहिलेल्या मूळ कोडपासून स्वतः बनवून घ्यायचे. हजारो पर्यायांची यादी उघडायची आणि एकेकावर थांबून विचारायचं, "ही वस्तू आपल्या घरात हाय का? नाय? मग काढ." फेरीपुरतंच सामान होडीत भरणाऱ्या घराची सवय, दुसरं काय! मी थक्क होऊन बघत राहायचे. जगभरातल्या माणसांनी लिहिलेलं ते अफाट काही, आणि आमचा म्हातारा चष्मा कपाळावर चढवून त्यातलं काय ठेवायचं ते ठरवतोय.

एकदा मला बसवलं. उत्साहाच्या भरात मी डिस्क वाचणारा भागच काढून टाकला. यंत्र काळ्या पडद्यावर अडून बसलं. मी रडायच्या बेतात, आणि अण्णा खो खो हसतायत.

"ओझं काढता काढता सुकाणूच काढलंस गो! घाबरू नको, जुना कर्नल ठेवलाय मी. आता परत कर."

परवा त्या संगणकाचं वायफाय गेलं. नवं कार्ड आणलं, तर ते ओळखणारा भाग अण्णांनी कधीच काढून टाकलेला. नवरा म्हणाला, "जाऊ दे गो, नवा घेऊ." मला ते सहन होईना. या घरात मला काही शिकवणारं माणूस ते एकच होतं, आणि त्यांचं यंत्र माझ्यासमोर भंगारात गेलं असतं तर... रविवारी त्यांच्याच नावाने लॉग इन केलं, तो एकच पर्याय वाढवला आणि सगळी दुपार पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघत बसले.

यंत्र सुरू झालं. कर्नल कोणी बनवला, कितव्यांदा बनवला, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. त्या ओळीत अठ्ठावन्नचे एकोणसाठ झाले होते. नाव मात्र अण्णांचंच होतं.